साथीच्या काळात मेडिकलच्या काउंटरमागे काय चालतं

सोलापुरात अंगात कणकण आली की माणूस आधी दवाखान्यात जात नाही, मेडिकलमध्ये जातो. "दोन गोळ्या द्या की ओ, ताप आलाय" एवढ्यावर काम भागतं. विडी वळणाऱ्या बाईचा किंवा यंत्रमागावरच्या कामगाराचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे डॉक्टरकडे तासभर नंबर लावण्यापेक्षा कोपऱ्यावरचं मेडिकल बरं वाटतं, यात नवल नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे टाळेबंदी लागली तेव्हा अनेक छोटे दवाखाने काही काळ बंद राहिले. मोठ्या रुग्णालयात जायची लोकांना धास्ती होती. मेडिकल मात्र अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे उघडं राहिलं. आजारी माणसाला भेटणारा औषधांचा पहिला जाणकार, आणि पुष्कळदा एकमेव, म्हणजे काउंटरमागचा फार्मासिस्ट.

त्याचं काम डबा काढून बिल करण्याचं आहे असा सर्वसाधारण समज असतो. पण १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करून किंवा मोजून देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे, आणि अधिकारासोबत जबाबदारीही येते. दुकानाचा परवाना दर्शनी भागात लावावा लागतो. त्याच्याजवळच फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र दिसतं का, हे एकदा बघून ठेवा. साथीत या माणसाची खरी कसोटी विक्रीत लागत नाही. काय द्यायचं नाही, किती द्यायचं आणि कोणाला तडक दवाखान्यात पाठवायचं, हे ठरवताना ती लागते.

काउंटरवरची दोन मिनिटं

ताप-खोकल्याचं औषध मागणाऱ्याला चांगला फार्मासिस्ट चार गोष्टी विचारतो. औषध कोणासाठी आहे? समोर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा रुग्ण नसतोच, घरातल्या म्हाताऱ्या आईसाठी किंवा लेकरासाठी तो आलेला असतो. किती दिवस झाले? आधीचा कोणता आजार आहे आणि रोजच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत? आणि चौथा प्रश्न, जो सगळ्यात जास्त वेळा राहून जातो: आत्तापर्यंत घरी काय काय घेतलं?

सोलापुरात हे चार प्रश्न चार भाषांत विचारावे लागतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच पेठेत ऐकू येतात. "दिवसातून तीन वेळा" हे समोरच्याला कळलं असं धरून चालणं धोक्याचं असतं. म्हणून पाकिटावर सूर्य-चंद्राची खूण करायची, गोळ्यांची संख्या आकड्यात लिहायची आणि शेवटी गिऱ्हाइकालाच विचारायचं, "अण्णा, घरी गेल्यावर कशी देणार, सांगा बघू." त्याने उलट सांगितलं की चूक तिथेच सापडते.

उत्तरं ऐकताना फार्मासिस्टचं लक्ष धोक्याच्या खुणांकडे असतं. बोलताना धाप लागणं, छातीत दुखणं किंवा दडपण, ओठ निळसर होणं, माणूस असंबद्ध बोलणं किंवा जागाच न होणं, बाळाने दूध न ओढणं. यातलं एक जरी निघालं तरी गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही. कोविडमध्ये यात ऑक्सिमीटरच्या आकड्याची भर पडली: ९४च्या खाली आकडा राहिला तर डॉक्टर गाठायचा. आकडा बरोबर यायला मात्र पथ्यं आहेत. बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात गार असतील तर आधी चोळून गरम करायचे, पाच मिनिटं शांत बसायचं आणि बोट यंत्रात घातल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. बसल्या जागी ९६ दाखवणाऱ्या माणसाला खोलीत सहा मिनिटं चालवलं आणि आकडा तीन-चारने घसरला, तर तीही सूचनाच समजायची. मात्र ज्याला आधीच धाप लागते आहे त्याला चालवून बघायचं नसतं.

तापाच्या गोळीचा हिशेब

पॅरासिटामॉल हे साथीतलं सगळ्यात जास्त खपणारं औषध. ते सुरक्षित आहे म्हणूनच लोक ते निष्काळजीपणे घेतात, आणि जास्त झालं की त्याचा फटका यकृताला बसतो. प्रौढ माणसाला चोवीस तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम, ही वरची मर्यादा. वजन कमी असेल, रोज दारू घेण्याची सवय असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहून बरंच कमी.

आता गडबड कशी होते ते पाहा. माणूस ६५० मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी घेतो. दिवसात सहा झाल्या, म्हणजे ३९०० मिलिग्रॅम. सोबत सर्दीची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. त्या गोळीतही पुष्कळदा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, पण नाव वेगळं असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. आणखी १५०० आले. एकूण ५४००. माणसाने दोन्ही औषधं "सांगितल्याप्रमाणे"च घेतली आणि तरी मर्यादा ओलांडली. म्हणून ६५०ची गोळी असेल तर सहा तासांचं अंतर, दिवसात चारच, आणि सर्दीच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून मगच ती द्यायची.

लहान मुलांच्या बाबतीत चूक आणखी सहज होते, कारण बाटल्या तीन ताकदींच्या असतात. एका वेळचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. मूल १२ किलोचं असेल तर वरचा डोस १८० मिलिग्रॅम. पाच मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे त्यासाठी साडेसात मिली लागतात. पाच मिलीत २५० असलेल्या सिरपचे फक्त ३.६ मिली. आणि एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर १.८ मिली. मागच्या वेळी साडेसात मिली दिलेले आईला आठवतात, या वेळी घरी जास्त ताकदीची बाटली आली आहे, आणि ती तेवढंच देते: डोस दुप्पट झाला. थेंबांच्या बाटलीतून तेवढंच दिलं तर चौपट. त्यामुळे "मुलांचं तापाचं औषध द्या" म्हटल्यावर फार्मासिस्टने वजन विचारायलाच हवं, आणि मिलीचा आकडा बाटलीवर पेनने लिहून द्यायला हवा. चहाचा चमचा हे माप नव्हे. बाटलीसोबत मिळणारं मोजमाप किंवा सुईविना सिरिंज वापरायची.

आणखी एक गोष्ट साथीच्या गोंधळात विसरली जाते. कोविडची लाट आली म्हणून डेंग्यू सुट्टीवर जात नाही. पावसाळ्यात सोलापुरात ताप आला की तो कशाचा आहे हे काउंटरवरून सांगता येत नाही. डेंग्यू असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगदुखी जाईना म्हणून "जोराची गोळी" मागणाऱ्याला तापाचं कारण कळेपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबवणं हाच शहाणपणा.

नाही म्हणण्याची बाजू

औषधांच्या नियमात काही याद्या आहेत. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायची औषधं. बहुतेक प्रतिजैविकं आणि स्टेरॉइड त्यात येतात. शेड्यूल एच-१ ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेली अधिक कडक यादी. तिच्यातलं औषध दिलं की त्याच वेळी वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. ही कटकट वाटते. पण साथीत तिचा उपयोग कसा झाला, याचं उदाहरण हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं आहे.

मार्च २०२० मध्ये या गोळीने कोविड टळतो अशी चर्चा सुरू झाली आणि लोकांनी पट्ट्याच्या पट्ट्या नेल्या. ही गोळी ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आणि संधिवात यांचे रुग्ण वर्षानुवर्षं रोज घेतात. त्यांनाच ती मिळेना. २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून तिच्या विक्रीला एच-१चे नियम लावले. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर तिचा फायदा दिसलाच नाही. ॲझिथ्रोमायसिनसोबत घेतली तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका मात्र होता. ॲझिथ्रोमायसिनचंही तेच. ते जिवाणूंवर चालतं, कोविड विषाणूचा आजार आहे. तरी पाच गोळ्यांचा कोर्स म्हणून घरोघरी गेलं.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते स्वस्त औषधाने. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी अगदी किरकोळ पैशांत मिळते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्याला ऑक्सिजनची गरज नाही त्याला फायदा नाही. बातमीचा पहिला अर्धा भाग सगळीकडे पोचला. दुसरा अर्धा पोचलाच नाही. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लोकांनी स्टेरॉइड सुरू केलं, तेव्हा विषाणू शरीरात वाढत असतो आणि स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं. त्यात मधुमेह असेल तर साखर झपाट्याने चढते. २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची जी लाट आली, तिच्यामागे कोविड, न आवरलेली साखर आणि वाजवीपेक्षा जास्त स्टेरॉइड ही तिन्ही कारणं एकत्र होती.

म्हणून स्टेरॉइडची चिठ्ठी आली की फार्मासिस्टने तीन गोष्टी तपासायच्या. डोस आणि दिवस स्पष्ट लिहिलेत का? रुग्णाला मधुमेह आहे का, आणि घरी साखर तपासायची सोय आहे का? जुनी चिठ्ठी पुन्हा वापरली जातेय का? स्टेरॉइड काही आठवडे चालू असेल तर ते एकदम थांबवायचंही नसतं. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, डोस हळूहळू उतरवला नाही तर अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब घसरणं सुरू होतं. औषध घेणाऱ्याला सांगून ठेवायचं: चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणं किंवा बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

"शेजारच्याला दिलं, मला का नाही?" हा वाद काउंटरवर रोज होतो. नाही म्हणणाऱ्या दुकानाचं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे खरं आहे. पेठेतल्या चार दुकानांनी एकत्र ठरवलं तरच हे टिकतं.

माल संपतो कसा

टंचाई नेहमी कारखान्यात सुरू होत नाही. एका दुकानात रक्तदाबाची एक विशिष्ट गोळी घेणारे ४० नेहमीचे रुग्ण आहेत असं समजा. प्रत्येकाला महिन्याला ३० गोळ्या, म्हणजे दहाच्या तीन पट्ट्या. महिन्याला १२० पट्ट्या लागतात आणि दुकानात तेवढ्या आहेत. आता भीतीपोटी प्रत्येकजण तीन महिन्यांचा साठा मागतो, म्हणजे नऊ पट्ट्या. तेराव्या गिऱ्हाइकानंतर तीनच पट्ट्या उरतात. उरलेल्या २७ जणांना जवळजवळ काहीच नाही, आणि देशात गोळीचं उत्पादन कालच्याइतकंच चालू आहे. एका वेळी तीस दिवसांचंच औषध देणं हा यावरचा उपाय. ज्याला जास्त हवं त्याला वाईट वाटतं, पण उरलेल्यांची गोळी चुकत नाही.

खरी टंचाईही असते. भारतात गोळ्या बनतात, पण त्यांचा कच्चा माल पुष्कळसा चीनहून येतो. २०२०च्या सुरुवातीला तो अडकला, आणि ३ मार्च २०२० रोजी सरकारने पॅरासिटामॉलसह २६ कच्चे घटक आणि त्यांपासून बनणाऱ्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. वाहतूक अडली की सोलापूरसारख्या शहराला ते लगेच जाणवतं, कारण मोठे डेपो पुणे-भिवंडीकडे असतात.

ऑर्डर कधी टाकायची याचा साधा हिशेब आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडी शिल्लक. रोज चार पट्ट्या खपतात आणि माल दोन दिवसांत येतो, तेव्हा आठ पट्ट्यांवर आल्यावर ऑर्डर टाकली तरी चालतं. साथीत माल आठ दिवसांनी येऊ लागला तर तोच आकडा ३२ होतो, आणि त्यावर निम्मी शिल्लक धरली तर ४८. हा आकडा न बदलणाऱ्या दुकानाचा माल दर आठवड्याला संपतो आणि मालक स्टॉकिस्टला दोष देत बसतो. पंढरपूरच्या आषाढीसाठी ओआरएस, जुलाबाची औषधं, पायाच्या फोडांची मलमं किती लागतील हे जिल्ह्यातल्या दुकानदारांना अनुभवाने माहीत असतं, कारण एकादशीची तारीख पंचांगात असते. साथीला पंचांग नसतं. म्हणून इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, दम्याचे पंप, थायरॉइड आणि रक्त पातळ करणारी औषधं यांचा साठा बारा महिने जास्त ठेवायचा, कारण यांचा दोन दिवसांचा खंडही महागात पडतो.

लिहिलेला ब्रँड नसेल तर? शेड्यूल एचमधल्या औषधाऐवजी, आतला घटक तोच असला तरी, दुसरी कंपनी आपल्या मनाने द्यायला नियम परवानगी देत नाही. डॉक्टरला फोन करायचा, होकार घ्यायचा आणि चिठ्ठीवर तारखेसह तशी नोंद करायची. फोनवर बोलताना तीन गोष्टी जुळवायच्या: घटक, मिलिग्रॅम आणि गोळीचा प्रकार. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन ५०० एसआर एक नव्हेत. एसआर गोळी औषध हळूहळू सोडते, ती तोडून किंवा चावून घ्यायची नसते. फिट्सचं फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, थायरॉइडचं थायरॉक्सिन यांच्यात कंपनी बदलली तरी रक्तातली पातळी हलू शकते, तिथे बदल शक्यतो टाळायचा आणि केलाच तर पुन्हा तपासणी करायला सांगायचं.

घरपोच औषधांचा नियमही २६ मार्च २०२०चाच. चिठ्ठी प्रत्यक्ष किंवा ईमेलने घेऊन शेड्यूल एचची औषधं घरी पोचवायला परवानगी मिळाली. दीर्घ आजाराची चिठ्ठी लिहिल्यापासून तीस दिवसांच्या आत आणि तात्पुरत्या आजाराची सात दिवसांच्या आत आली पाहिजे. अमली गटातली औषधं यातून वगळली होती. आणि पत्ता त्याच महसुली जिल्ह्यातला हवा. सोलापुरात या शेवटच्या अटीची गंमत होते: करमाळा शंभराहून जास्त किलोमीटरवर असूनही चालतो, तुळजापूर त्याच्या निम्म्या अंतरावरही नाही, पण जिल्हा दुसरा म्हणून चालत नाही. कर्नाटकातल्या इंडीचं तर नावच नको.

मोबाइलवर आलेल्या चिठ्ठीच्या फोटोत दशांशचिन्ह हरवतं. ०.५ आणि ५ यांत दहापट फरक आहे. फोटो अस्पष्ट असेल तर दुसरा मागवायचा, अंदाज बांधायचा नाही.

रुग्णालयातली फार्मसी

रुग्णालयातला फार्मासिस्ट लोकांना दिसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोविडवरच्या रेमडेसिविर इंजेक्शनसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते, तेव्हा त्या कुप्यांचा हिशेब त्याच्याकडे होता. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, नंतर चार दिवस रोज १००. म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या एका रुग्णाला. पावडरच्या कुपीत १९ मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी घालायचं, अर्धा मिनिट हलवायचं, दोन-तीन मिनिटं ठेवायचं, पूर्ण विरघळलं की सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या ते दोन तासांत हळूहळू द्यायचं. त्याच नळीतून त्याच वेळी दुसरं औषध द्यायचं नाही. आधी मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या बघायच्या. हे औषध जीव वाचवणारं म्हणून गाजलं, पण जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातल्या रुग्णांसाठी त्याची शिफारस नाही असं सांगितलं होतं. शेतजमीन गहाण टाकून कुपी आणणाऱ्या घरांना हे कुणी सांगितलं नाही.

काळा बाजार आवरण्याचा एक मार्ग अगदी साधा आहे: माल नातेवाइकांच्या हाती न देता थेट रुग्णालयाला द्यायचा, प्रत्येक कुपीचा बॅच नंबर रुग्णाच्या नावासमोर लिहायचा, आणि रिकामी कुपी परत घेऊन लेबल फाडून फोडून टाकायची. न फोडलेल्या कुप्यांत काहीबाही भरून त्या पुन्हा विकल्या जातात. बनावट मालाची चाहूल लेबलवरच्या स्पेलिंगच्या चुकांवरून, सैल झाकणावरून, खोका आणि कुपी यांवरचे बॅच नंबर न जुळण्यावरून लागते. बिल नसेल तर बाकी काही बघायचीही गरज नाही. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, तो मोबाइलवर तपासता येतो.

बेचाळीस अंशात थंड ठेवायचं

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो आणि वीजही जाते. लस आणि न उघडलेलं इन्सुलिन मात्र २ ते ८ अंशांतच राहिलं पाहिजे. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून दिवसातून दोनदा आकडा लिहायचा. दाराच्या कप्प्यात औषध ठेवायचं नाही, कारण दार उघडलं की तिथे उष्णता आधी शिरते. बर्फाच्या कप्प्याला टेकवायचंही नाही. उष्णतेपेक्षा गोठणं वाईट: एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. खालच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर वीज गेल्यावर गारवा जास्त वेळ टिकतो, आणि त्या वेळात दार उघडायचं नाही.

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण २८ दिवस घरातल्या गार जागी चालते, पण सोलापुरातली मे महिन्यातली पत्र्याची खोली गार नसते. एका मातीच्या मोठ्या भांड्यात लहान भांडं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, हा उपाय कोरड्या हवेत चांगला चालतो, कारण पाणी वेगाने उडतं. पावसाळी दमट हवेत तो तितका चालत नाही. फ्रिजइतका गारवा त्यातून मिळत नाही, म्हणून त्यात महिन्याचा साठा नको, चालू बाटलीच ठेवायची. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहिली नसेल तर २८ दिवस मोजणार कसे?

कोविशील्डच्या कुपीत ०.५ मिलीचे दहा डोस असत, आणि उघडल्यावर चार तासांत ते संपवायचे होते. केंद्रावर "दहा माणसं जमू द्या" असं का सांगत होते, त्याचं कारण एवढंच.

मास्क, सॅनिटायझर आणि चाचणी

मार्च २०२० मध्ये सरकारने २०० मिली सॅनिटायझरला १०० रुपये आणि तीन पदरी मास्कला १० रुपये अशी कमाल किंमत ठरवली होती. जास्त घेतले तर बिल मागून तक्रार करता येत होती. औषधांच्या किमतीची तक्रार आजही १८००-१११-२५५ या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते. सॅनिटायझर कमी पडलं तर फार्मासिस्ट परवानगीनुसार ते बनवूही शकतो. जागतिक आरोग्य संघटनेचं दहा लिटरचं सूत्र असं: ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिली, बाकी उकळून गार केलेलं पाणी. मग ७२ तास बंद ठेवायचं, म्हणजे भांड्यातले जिवाणूंचे बीजाणू पेरॉक्साइडने मरतात. घरी हा उद्योग करू नका. हे मिश्रण भडकन पेटतं, आणि बाजारातल्या स्वस्त स्पिरिटमध्ये मिथेनॉल असलं तर ते विष आहे.

घरी करायची कोविड चाचणी मे २०२१ मध्ये मान्य झाली. तिचा निकाल पंधराव्या मिनिटाला वाचायचा. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. लक्षणं असून निकाल निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर करायची, हे किट देतानाच सांगायचं.

कोण काय नेतंय, यावर नजर

एका पेठेत आठवडाभरात खोकल्याच्या औषधाचा खप दुप्पट झाला, तर प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी ते फार्मासिस्टला कळतं. शेजारच्या तेलंगणात एप्रिल २०२० मध्ये ताप-खोकल्याची औषधं नेणाऱ्यांची नोंद ठेवायला मेडिकलना सांगितलं होतं. याला दुसरी बाजू आहे: नाव लिहून घेतात म्हणून लोक औषध घ्यायलाच आले नाहीत तर साथ आणखी लपते. नोंद ठेवायची, पण ती आरोग्य विभागाशिवाय कुणाच्या हाती जाणार नाही हे गिऱ्हाइकाला सांगून.

सोलापूरला यात एक जास्तीची जबाबदारी आहे. विडीच्या तंबाखूत दिवसभर बसणाऱ्या बायकांचा खोकला "नेहमीचाच" समजला जातो. कोविडच्या वर्षी सगळं लक्ष एकाच विषाणूवर होतं आणि देशात क्षयरोगाच्या नोंदी २०१९च्या २४ लाखांवरून २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. आजार कमी झाला नव्हता, तो सापडत नव्हता. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं असं कुणी सांगितलं की, "अक्का, थुंकी तपासून या, सरकारी दवाखान्यात फुकट होते," हे सांगायचं आणि खोकल्याची तिसरी बाटली द्यायची नाही. क्षयरोगाची औषधं एच-१च्या यादीत आहेत आणि २०१८ पासून ती घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं मेडिकललाही बंधनकारक आहे.

औषधाने किंवा लशीने त्रास झाला तर तोही कळवायचा असतो. त्यासाठीचा क्रमांक १८००-१८०-३०२४, तो सामान्य माणसालाही खुला आहे.

काउंटरवरच्या माणसाची काळजी थोडक्यात: कर्मचाऱ्यांच्या दोन तुकड्या, एकमेकांशी गाठ नाही, म्हणजे एकाला लागण झाली तरी दुकान बंद पडत नाही. पैशांसाठी वेगळा ट्रे. दुकानात हवा खेळती. काचेपेक्षा उघडा दरवाजा जास्त कामाचा.

लाट ओसरल्यावर घराघरांत उरतं ते औषधांचं पाकीट. कपाट उघडून बघा, डेक्सामेथासोनच्या चार गोळ्या, अर्धवट राहिलेलं प्रतिजैविक, तारीख उलटलेलं सिरप निघेल. पुढच्या तापात तेच बाहेर येतं. गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका, रिकाम्या पट्ट्या कात्रीने कापा. संडासात किंवा गटारीत ओतू नका. सुया टणक प्लॅस्टिकच्या बाटलीत बंद करून जवळच्या रुग्णालयात नेऊन द्या, घंटागाडीत टाकलीत तर त्या कामगाराच्या हाताला टोचतात.